मीटर भावोजी आणि मागचा ढीग

माझे भावोजी माणूस म्हणून चांगले की वाईट, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. ताईला विचारण्यात अर्थ नाही, कारण नवऱ्याचा विषय निघाला की तिचे कान बंद होतात. तेव्हा मीच सांगते. ज्याला जे ठरवायचं ते त्याने ठरवावं.

भावोजी भट्टीवाले. भंगार लोखंड वितळवणाऱ्या कारखान्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घातली. जुन्या गाड्यांचे पत्रे, फुटक्या बादल्या, कुंपणाच्या तारा, मोडके पलंग, काय वाट्टेल ते तिथे यायचं आणि भट्टीत जायचं. भट्टीच्या दारातून आत बघून भावोजी रस किती तापलाय ते सांगायचे. आधी लाल, मग केशरी, मग पिवळा, मग डोळ्यांना सोसणार नाही असा पांढरा. मधल्या छटा तुम्हा-आम्हाला दिसतही नाहीत, त्यांना त्या वेगवेगळ्या दिसायच्या. उष्णता मोजायचं यंत्र होतं, पण ते सारखं जळायचं. मग सगळे ओरडायचे, "मीटरला बोलवा!" म्हणजे भावोजींना. हे नाव त्यांना असं चिकटलं की लग्नाच्या वेळी आमच्याकडे त्यांचं स्थळ घेऊन आलेल्या माणसानेही "मीटरसाठी विचारतोय" असंच सांगितलं. मुलगा वीज कंपनीत आहे, अशी माझ्या वडिलांची बरेच दिवस समजूत होती. खरं कळलं तेव्हा होकार देऊन झाला होता.

मी तेव्हा शाळेत होते. मेहुणी झाल्याबरोबर भावोजींना छळायचा परवाना मिळतो आणि मी तो पुरेपूर वापरला. चहाचा कप हातात देऊन विचारायचे, "भावोजी, नुसतं बघून सांगा, किती गरम आहे?" ते कप डोळ्यांसमोर धरून गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "मेहुणीबाई, निव्वळ गार आहे. आणि साखर विसरलात." साखर विसरलेली नसायची, मुद्दामच घातलेली नसायची. ते तोही चहा संपवायचे.

भट्टीतून रस निघतो तसा धूरही निघतो. तो मोठाल्या कापडी पिशव्यांमधून गाळतात, म्हणजे तो लोकांच्या नाकात जात नाही. पिशव्यांत जी धूळ साठते ती तपकिरी असते, आणि तोंडाला लावायच्या पावडरीइतकी बारीक. ती टाकायची कुठे? कारखान्यामागे मोकळी जमीन होती, जमिनीपलीकडे कामगारांच्या खोल्यांची रांग. त्या मोकळ्या जमिनीत ती ओतली. पाळी संपली की पिशव्या झाडायच्या आणि धुळीचा गाडा मागे नेऊन रिकामा करायचा, हे भट्टीवाल्यांचंच काम. त्यामुळे त्या ढिगात भावोजींचे स्वतःचे गाडे किती, हे त्यांनाच ठाऊक. आधी ढीग गुडघ्याएवढा होता, मग पुरुषभर झाला, मग खोल्यांच्या छपराच्या वर गेला. एक दिवस साहेबलोक उचलून नेतील, असं सगळे धरून चालले होते. पुढे कारखाना बंद पडला. साहेबलोक गेले, यंत्रं गेली, फाटकाचे दरवाजेही कुणीतरी नेले. ढिगाला कुणी हात लावला नाही.

ताईचं घर रांगेतलं शेवटचं, ढिगाला खेटून. पाऊस पडून गेला आणि ऊन पडलं की ढिगावर कडक पापुद्रा धरतो. तो शाबूत आहे तोवर सगळं ठीक. पण शेळ्या चढल्या, पोरं घसरगुंडी खेळली, वाऱ्याने एखादा कोपरा उचलला, की पापुद्रा फुटतो आणि आतली धूळ मोकळी होते. मग ती कुठेही जाते. ताई भांडी पालथी घालून ठेवायची. पाण्यावर झाकण, झाकणावर ओलं फडकं. खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या. अंथरूण घालायच्या आधी पुसायचं, कारण झटकलं तर आणखी उडणार. मी बसने जावं लागतं इतक्या लांब राहते आणि धुलाईचं दुकान चालवते, त्यामुळे डाग मला कळतात. ताईकडे एक दिवस राहून आले तरी माझ्या कपड्यांचं तिसरं पाणीसुद्धा तपकिरी निघायचं. कपडे चौथ्या पाण्याला तरी निघतात. छाती कशी धुणार?

ताईला आधी नुसता खोकला होता. मग माझ्याकडे आली की जिना चढताना दम लागायला लागला, मग बोलताना. ती वाक्य अर्ध्यावर सोडायची, दोन श्वास घ्यायची आणि उरलेलं वाक्य पूर्ण करायची. तिच्याशी बोलणाऱ्याला वाटायचं ती विचार करतेय. डॉक्टरांनी तिची छाती तपासून भावोजींना स्पष्ट सांगितलं, "औषधं मी लिहून देतो, पण या बाईंना धुळीतून बाहेर काढा. तिथेच राहिल्या तर मी काही करू शकणार नाही."

मी त्याच दिवशी म्हटलं, "चल माझ्याकडे, आत्ताच."

"आणि हे?" ताई म्हणाली.

"त्यांनाही आण. आमच्या घरात दोन माणसं जड नाहीत."

भावोजी भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "आपण जाऊ, पण बाकीच्या खोल्यांतली माणसं कुठे जातील? ढीगच गेला पाहिजे."

"कोण नेणार? तुम्ही? घमेल्यातून?"

"वेळ आली तर घमेल्यातून, मेहुणीबाई."

मला हसूही आलं आणि संतापही. दोघांना मूलबाळ नाही, मागेपुढे कुणी नाही, तरी तिथून हलायचं नाव नाही. ताई तर काय, नवऱ्याची सावली.

आणि अशात एक दिवस बंद कारखान्याच्या एका शेडमध्ये दिवे लागले. एक इंजिनीअर बाई दोन-चार माणसं घेऊन आल्या होत्या. वयाने माझ्याहून लहान, केसांत कायम पेन्सिल खोवलेली आणि बोलता बोलता तीच पेन्सिल टेबलावर शोधायची सवय. त्या रांगेतल्या एकेका घरी गेल्या. ताईकडे आल्या तेव्हा मी तिथेच होते.

"हा कचरा नाहीये," त्या म्हणाल्या. "भंगाराच्या पत्र्यांवर जस्ताचा मुलामा असतो. भट्टीत त्याची वाफ होते आणि ती धुळीबरोबर पिशवीत जाऊन बसते. तुमच्या या ढिगात जस्त आहे, लोखंड आहे, शिसंही आहे. ते वेगळं काढता आलं तर घेणारे लोक आहेत. म्हणजे ढीग उचलून न्यायला कुणीतरी स्वतःहून येईल."

"वेगळं कसं काढणार?" भावोजींनी विचारलं.

"मायक्रोवेव्हने."

"अन्न गरम करायचा असतो तो?" ताई म्हणाली.

"त्याचाच थोरला भाऊ समजा."

भावोजींना हसू आवरलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते दाढी करून शेडच्या दारात उभे होते, आणि बाईंनी त्यांना ठेवून घेतलं. भट्टीची सवय असलेला माणूस त्यांना हवाच होता.

काम असं होतं. ढिगातली धूळ आणायची, तिच्यात कोळशाची भुकटी आणि थोडं पाणी घालून कालवायची, सुपारीएवढ्या गोळ्या करायच्या आणि खडखडीत वाळवायच्या. मग त्या मातीच्या जाड मुशीत भरून पोलादी कपाटात ठेवायच्या, दार आवळायचं आणि लहरी सोडायच्या. त्या लहरी कोळसा आपल्यात ओढून घेतो आणि तापतो. पुरेसा तापला की जस्त वाफ होऊन नळीने बाहेर पडतं आणि पुढच्या पिशवीत पांढरी भुकटी होऊन बसतं. मुशीत लोखंड उरतं. ना जाळ, ना धूर, ना भट्टीचा तो गडगडाट. नुसती घुंईं. भावोजी म्हणायचे, "ही कसली भट्टी? आजारी माणसाच्या शेजारी बसल्यासारखं वाटतं."

त्यात एक गोष्ट अशी होती जी बाईंनी त्यांना पहिल्या दिवशी सांगितली आणि पुढेही सांगत राहिल्या. साध्या भट्टीत माल बाहेरून तापत आत जातो. वरून पिवळा दिसला तरी पोटात कच्चा असू शकतो, म्हणून भट्टीवाला वरचा रंग आला की आणखी थोडा वेळ देतो. या कपाटात सगळं उलटं. माल पोटातून तापत बाहेर येतो. वरून जेमतेम लाल दिसत असतो तेव्हा आत तो वितळायच्या बेतात असतो. म्हणून रंगाकडे बघायचंच नाही. गोळ्यांच्या पोटात एक सळी खुपसलेली असते, ती आतली उष्णता काट्यावर दाखवते. काटा खुणेला आला की बंद.

भावोजींना हे पाठ होतं. घरी ताईला ते शिकवल्यासारखं सांगायचे. पण एक हट्ट त्यांनी सोडला नाही. कपाटाच्या दाराला काच पाहिजे. "बाई, न बघता भट्टी कशी चालवायची? डोळे बांधून चालल्यासारखं होतं." बाईंनी बरेच दिवस टाळलं. शेवटी या माणसाचा जीव रमत नाही हे बघून काच बसवून दिली, आत बारीक छिद्रांची जाळी लावून, म्हणजे लहरी बाहेर येऊ नयेत. भावोजींना त्या काचेचा कोण आनंद! नवी सून दाखवावी तशी त्यांनी ती मला दाखवली.

पहिल्यांदा पांढरी भुकटी निघाली त्या दिवशी ते चिमूटभर कागदात बांधून घरी घेऊन आले. ताईने बोटावर घेऊन बघितली. "हे आपल्या ढिगातलं?" ती म्हणाली. तिला खरंच वाटेना. इतकी वर्षं तिने त्या ढिगाला शिव्याशाप दिले होते, आणि त्याच्या पोटात हे असं पांढरंशुभ्र. त्या संध्याकाळी ताई पहिल्यांदा पुढच्या गोष्टी बोलली. ढीग गेला की त्या जागी काय लावायचं, कपडे बाहेर वाळत घालता येतील का, असलं काहीबाही. धापा टाकत टाकत, पण बोलली.

मात्र ते कपाट लहान होतं. त्याने ढीग उपसायला दोन जन्म लागले असते. मोठं यंत्र बसवायला एक मोठी कंपनी तयार होती, पण तिची माणसं आधी समोर प्रयोग बघणार, आणि मगच हो की नाही ते सांगणार. हो म्हटलं तर ढीग जाणार. नाही म्हटलं तर बाई आपलं सामान आवरणार. हे रांगेतल्या पोरासोरांनाही माहीत होतं.

त्या दिवशी भावोजी नवा शर्ट घालून गेले. पुढे काय झालं ते मला त्यांनीही सांगितलं आणि बाईंनीही, आणि दोघांच्या सांगण्यात तिळमात्र फरक नाही.

पाहुणे आले. बाईंनी कपाट सुरू करून दिलं, भावोजींना म्हणाल्या, "काटा खुणेला आला की बंद करा, मला विचारायचीही गरज नाही," आणि पाहुण्यांना शेजारच्या खोलीत आधीची भुकटी दाखवायला घेऊन गेल्या. भावोजी एकटे कपाटासमोर. काटा चढत गेला आणि खुणेला आला. भावोजींनी बटणाकडे हात नेला आणि काचेतून आत बघितलं.

आत मळकट लाल होतं. झोपेतून नुकतं उठल्यासारखं. भट्टीत हा रंग दिसला असता तर त्यांनी भट्टीवाल्याला चार शब्द सुनावले असते. हा माल कच्चा आहे, असं त्यांच्या डोळ्यांनी त्यांना सांगितलं. आणि नेमकी आदल्या आठवड्यातच ती सळी बिघडून काटा भलतंच दाखवत होता, म्हणून बदलली होती. जन्मभर त्यांनी हेच पाहिलं होतं की यंत्र जळतं आणि मग मीटरला बोलावतात. मुशीतून कच्चा माल निघाला, पिशवीत भुकटी आली नाही, पाहुण्यांनी नाक मुरडलं, तर ढीग तिथेच राहणार. त्यांच्या मनात ताई होती. ते मला म्हणाले, "मला नियम माहीत होता, मेहुणीबाई. पण माल कच्चा दिसत होता ना समोर." त्यांनी हात मागे घेतला आणि आणखी थोडा वेळ दिला.

तेवढ्यात आतला गाभा वितळला. रसाने मूस फोडली आणि तो कपाटाच्या तळाला गेला. उघड्या लोखंडावर लहरी पडल्या, निळ्या ठिणग्या तडतडायला लागल्या, पत्रा जळून भोक पडलं आणि लहरी तयार करणारा भागच करपला. भावोजींनी बटण दाबलं तोवर शेड पांढऱ्या-पिवळ्या धुराने भरली होती. पाहुणे रुमाल तोंडावर धरून पळाले. कुणाला इजा झाली नाही, भावोजींच्या भुवया तेवढ्या जळाल्या. पण गाडीत बसताना पाहुण्यांनी बाईंना जे सांगायचं ते सांगून टाकलं.

भावोजी घरी आले आणि दारातच ताईला म्हणाले, "माझ्यामुळे गेलं." ताईने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "आधी तोंड धुवा. जेवून घ्या."

जायच्या आदल्या दिवशी बाई भेटायला आल्या. म्हणाल्या, "चूक माझीही आहे. ती काच मी बसवायलाच नको होती."

"काच मी मागितली," भावोजी म्हणाले.

"पण दिली मी."

दोघं बराच वेळ एकमेकांच्या हातातून दोष ओढून घेत बसले. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांचीही त्या कपाटात बरीच वर्षं जळाली होती, आणि त्यांना जाऊन बसायला दुसरी शेड नव्हती. मला त्यांची दया आली, खोटं कशाला बोलू. पण मनात हेही आलं की घ्या वाटून दोष निम्मा निम्मा, ढिगातलं घमेलंभरसुद्धा कमी होत नाही त्याने.

मग उन्हाळा आला, वारे सुटले, आणि ताईला एका दुपारी असा दम लागला की तिचे ओठ निळे पडले. दवाखान्यात नाकाला नळी लावावी लागली. तिथून मी तिला घरी जाऊच दिलं नाही, सरळ माझ्याकडे आणलं. भावोजींनी हरकत घेतली नाही. उलट तेच तिला म्हणाले, "जा, बरी हो." आणि स्वतः बसमध्ये चढले नाहीत.

माझ्याकडे ताई सुधारली. मला वाटलं होतं त्याच्याही आधी. जिना चढायला लागली, माझ्या दुकानात बसून घड्या घालायला लागली, मी इस्त्री नीट करत नाही म्हणून माझ्याशी भांडायला लागली. आणि वाक्य न तोडता! आमचे हे एकदा जेवताना म्हणाले, "तुझी बहीण एवढी बोलते? मला वाटायचं तुमच्या घरात बोलणारी तू एकटीच." ताई खळखळून हसली आणि हसून झाल्यावर तिला खोकला आला नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

भावोजी तिकडे काय करत होते? ढिगाला पाणी घालत होते. नळाला लांब पाईप जोडून रोज ढिगावर फवारा मारायचा, म्हणजे पापुद्रा धरून राहतो आणि धूळ उडत नाही. शेळ्या हाकलायच्या. जिथे फुटेल तिथे चिखल लिंपायचा. मी फोनवर भांडले. "तुम्ही काय त्या ढिगाचे राखणदार आहात? टाका म्हणून सांगणारे साहेब कुठे आहेत? त्यांना बोलवा की पाईप धरायला!"

"साहेबांना पापुद्रा कळत नाही, मेहुणीबाई. आणि रांगेत लहान मुलं आहेत."

"मग बायको?"

"बायको तुमच्याकडे आहे ना. म्हणून तर मला काळजी नाही."

मी फोन ठेवला आणि कपड्यांवर राग काढला.

एकदा ते भेटायला आले. मी त्यांना अंगणातल्या नळावरच आंघोळ करायला लावली, आमच्या ह्यांचे कपडे घालायला दिले, त्यांचे कपडे वेगळ्या टबात बुडवले. एवढं करून ते ताईशेजारी बसले. तिने त्यांच्या नव्याने उगवलेल्या भुवयांवरून बोट फिरवलं, मी दिसले तशी हात मागे घेतला. आणि थोड्या वेळाने ती खोकायला लागली. धूळ त्यांच्या केसांत राहिली होती, की कानात, की श्वासात, देव जाणे. तो जुना खोकला, घरघर लागणारा. भावोजी उठले, चपला हातात घेतल्या आणि बस येईपर्यंत रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले. ताई खिडकीतून बघत होती. त्यानंतर ते आले नाहीत.

फोन मात्र रोज. आणि बोलता बोलता त्यांनाच खोकला यायचा. थांबला की म्हणायचे, "चहा नाकात गेला." दुसऱ्या दिवशी पुन्हा चहा नाकात. मी एकदा ऐकवलं, "भावोजी, चहा तोंडाने प्यायची पद्धत आहे." ते हसले आणि त्या हसण्यातच पुन्हा खोकले, इतका वेळ की मी फोन कानापासून लांब धरला. ताई शेजारीच बसली होती. तिला सगळं ऐकू गेलं. तो खोकला तिच्या ओळखीचा होता. तिचाच होता तो.

गेल्या महिन्यात एका सकाळी घड्या घालता घालता ती म्हणाली, "मी जाते."

"कुठे?"

"घरी."

मी इस्त्री आदळली. "तू मरशील तिथे, ताई."

"हो," ती म्हणाली. भांडणाच्या सुरात नाही, साधं म्हणाली. "इथे मला सगळं मिळतं, अगं. श्वासही मिळतो. पण दिवसभर मी फोनची वाट बघते आणि फोन आला की त्यांचा खोकला ऐकते. त्यांच्याजवळ पाणी द्यायलाही कुणी नाही."

"त्यांना इकडे आण."

"ते ढीग सोडत नाहीत. आणि आले तर मला त्रास होतो म्हणून लांब रस्त्यावर उभे राहतात. पाहिलंस ना तू?"

"म्हणजे तिथे जाऊन दोघं मिळून खोकत बसणार?"

"हो. दोघं मिळून."

मी तिला नाही नाही ते बोलले. मूर्ख म्हटलं, कृतघ्न म्हटलं, तुझ्यासाठी मी काय काय केलं ते ऐकवलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पिशवी भरली. शेवटी मीच तिच्याबरोबर निघाले, कारण तिला एकटीला पाठवायची हिंमत माझ्यात नव्हती.

आम्ही पोचलो तेव्हा वारा होता. ढिगाच्या एका बाजूचा पापुद्रा फुटलेला दिसत होता आणि तिथून तपकिरी धूर निघाल्यासारखी धूळ उठत होती. भावोजी पाईप घेऊन ढिगाशी उभे होते. खूप वाळले होते. त्यांनी आम्हाला लांबून पाहिलं, पाईप टाकला, लगबगीने घरात गेले आणि आतून कडी घातली.

ताईने दार वाजवलं. "अहो, मी आहे."

"माहीत आहे. परत जा," आतून आवाज आला.

"उघडा आधी."

"नाही उघडणार. मेहुणीबाई, तिला घेऊन जा. तुम्हाला हात जोडतो."

मी आयुष्यात पहिल्यांदा भावोजींच्या बाजूने होते. ताईचा दंड धरला आणि म्हटलं, "ऐक त्यांचं. चल." तिने हात सोडवून घेतला आणि दाराबाहेर पायरीवर बसली. पदर नाकाला लावला नाही, की तोंड फिरवलं नाही. वारा ढिगावरून सरळ तिच्या अंगावर येत होता. थोड्याच वेळात ती खोकायला लागली. आतून भावोजींचा खोकला ऐकू येत होता. मधे दार, आणि मी पिशवी धरून उभी. मला दोघांचाही राग आला आणि रडूही आलं.

दम सापडला तशी ताई म्हणाली, "अहो, बाहेर जास्त... धूळ आहे हो... आतल्यापेक्षा. तुम्ही उघडेपर्यंत... मी इथेच बसणार."

तिचं वाक्य पुन्हा तुटलं होतं. ते तुटलेलं मलाही ऐकू आलं आणि त्यांनाही. मग कडी निघाली. भावोजी दारात उभे होते आणि लहान मुलासारखे रडत होते. ताई त्यांच्या हाताला धरून उठली, उंबऱ्यापाशी दम खायला थांबली आणि आत गेली. मी पिशवी आत ठेवली. मी बाहेर आल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. वारा वाढला होता, उघडं ठेवून चालणार नव्हतं.